पिकअपचा पुढचा टायर घासतो, आतून झिजतो, अलाइनमेंट करूनही परत तेच? आधी चाकाची डिस्क (टायर बसतो ते धातूचं चाक) मोजा

तीन वर्षं झाली मी सेकंडहँड पिकअप घेऊन. पिंपळगावहून टोमॅटो वाशीला, उन्हाळ्यात दिंडोरी-निफाडकडची द्राक्षं, मधल्या काळात जे भाडं मिळेल ते. गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने हौसेने कंपनीच्या लोखंडी डिस्क काढून अलॉय (मिश्रधातूच्या शोभिवंत डिस्क) टाकलेले आणि त्यावर २३५/७५ आर १५ चे जाडजूड टायर, गाडी लांबून अशी काही दिसायची की भावाने भाव केलाच नाही, बोलला घेऊन टाक. त्या दिसण्याचे पैसे मी पुढची दोन वर्षं फेडत होतो म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण आडगाव नाक्यापासून पिंपळगावच्या यार्डापर्यंत दर चौथ्या पिकअपचं हेच रडगाणं ऐकतो आणि प्रत्येक जण टायरलाच शिव्या देतो.

त्रास काय होता ते आधी सांगतो. नाशिकच्या द्वारका चौकात यू टर्न मारताना, म्हणजे स्टेअरिंग पूर्ण कापलं आणि गाडीत माल असला की डाव्या बाजूने घर्रर्र करून आवाज, मडफ्लॅप फाटला, मग आतलं प्लास्टिक फाटलं. दुसरं म्हणजे पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजायचे, बाहेरून बघितलं तर बटणं (टायरवरची नक्षी) एकदम नव्यासारखी आणि खाली वाकून आत हात घातला की गोटा. चौदा हजार किलोमीटरला पहिली जोडी गेली. तिसरं, खड्ड्यात चाक पडलं की स्टेअरिंग हातातून ओढल्यासारखं व्हायचं, आणि पन्नासच्या वर गाडी गेली की पुढून विमानासारखा हूंऽऽ आवाज.

प्रत्येक वेळी उपाय एकच, अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवून घेणं. साडेतीनशे-चारशे रुपये, कॉम्प्युटरवर सगळे आकडे हिरवे, छान कागद हातात, आणि दीड महिन्याने परत तीच आतली कड. चार वेळा केलं. चौथ्यांदा तर मी त्या पोराला विचारलं, अरे हिरवं आहे तर झिजतं कसं, तो बोलला रोड खराब आहेत दादा. रोड खराब आहेतच, त्यात वाद नाही, पण माझ्या शेजारच्याची तीच गाडी त्याच रोडवर चालते आणि त्याचा टायर पस्तीस हजार किलोमीटरला काढला.

मग मी माझ्या अकलेने एक काम केलं आणि तिथेच खरा घोटाळा झाला. मला वाटलं टायर मोठा आहे म्हणून घासतो, तर कंपनीच्या साइजवर येऊ. दरवाजाच्या स्टिकरवर साइज होता २१५/७५ आर १५. दुकानात गेलो, साइज सांगितला, त्याने पाच टायर काढले, चकचकीत, आणि भाव पण मी धरला होता त्यापेक्षा कमी. मी खुश. अलॉय तेच ठेवले कारण पैसे घातलेले होते ना त्यात. आवाज थोडा कमी झाला, गेला नाही. आतली कड झिजायची थांबली नाही. आणि ऑगस्टमध्ये, साठ कॅरेट टोमॅटो भरून रात्री कसारा घाट उतरलो आणि पुढे सपाटीला लागल्यावर मागचा डावा फुटला. फुटला म्हणजे काय, साइडवॉल गोल कापल्यासारखी पूर्ण सुटून आली. नशीब घाटात नाही. पावसात दुसरं चाक लावलं, वाशीला दोन तास उशिरा, आणि उशिरा पोचलेल्या टोमॅटोला काय भाव मिळतो ते यार्डातल्या माणसाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तो फाटका टायर घेऊन आमच्याकडच्या जुन्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी टायर आतून चाचपला, बोटं बाहेर काढून दाखवली, काळा भुगा. पेन्सिलीचं शिसं घासल्यासारखा बारीक. बोलले, "हा खिळ्याने नाही फुटला भाऊ, हा वाकून वाकून मेलाय. आतल्या आत शिजला." मग साइडवॉलवर साइजच्या शेजारी बोट ठेवलं आणि विचारलं हा आकडा काय लिहिलाय. १०० एस. मी बोललो असेल काहीतरी. ते हसले नाहीत, हसले असते तर बरं वाटलं असतं.

तर हा १०० म्हणजे लोड इंडेक्स. किलो नाही, कोड आहे. १०० म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो. १०२ म्हणजे ८५०, १०४ म्हणजे ९००, १०५ म्हणजे ९२५, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे बरोबर १०००. पुढचं अक्षर स्पीडचं, एस म्हणजे १८०, आपल्याला पिकअपमध्ये त्याचं काही घेणंदेणं नाही. आता गंमत बघा, २१५/७५ आर १५ हाच साइज पॅसेंजरवाल्या बोलेरोला पण लागतो, जी इथे आपल्या सातपूरला बनते, तिला १०० चा टायर पुरतो कारण ती माणसं वाहते. त्याच साइजमध्ये मालवाहू गाडीचा टायर वेगळा येतो, त्याला साइजच्या आधी किंवा नंतर एलटी (लाइट ट्रक) लिहिलेलं असतं, प्लाय रेटिंग (टायरच्या थरांच्या ताकदीचा आकडा) असतं, ८ पीआर वगैरे, आणि लोड इंडेक्स तिरपी रेघ मारून दोन आकड्यांत असतो, १०६/१०३ असं काहीतरी. पहिला आकडा एका बाजूला एकच टायर असेल तर, दुसरा मागे जोडटायर असतील तर. आपल्या पिकअपला पहिला बघायचा. दुकानदाराने मला साइज बरोबर दिला, टायर चुकीचा दिला, आणि मी पण विचारलं नाही, त्यामुळे त्याला एकट्याला बोलून उपयोग नाही.

मग मी वजनकाट्यावर गेलो. हे प्रत्येकाने एकदा करा, सगळ्यात स्वस्त तपासणी हीच आहे. नेहमीचा माल भरा, पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग गाडी पुढे घेऊन फक्त मागची चाकं काट्यावर राहतील अशी उभी करा आणि परत वजन घ्या, काटेवाल्याला सांगितलं की करू देतो. माझं साठ कॅरेटचं आलं एकूण २९३०, त्यात मागे १८००. आरसीवरच्या मर्यादेच्या आत, म्हणजे ओव्हरलोड नाही, हे आधीच सांगतो नाहीतर सगळे तेच म्हणतात. १८०० चे अर्धे ९००. टायर ८०० चा. म्हणजे मी प्रत्येक फेरीला मागच्या प्रत्येक टायरवर शंभर किलो जास्त टाकून दोनशे किलोमीटर चालवत होतो, वर हवा ३५ पीएसआय कारण पंप मारणारा पोरगा सगळ्यांना ३५ च भरतो. आणि यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट, आधीचे ते घासणारे २३५ वाले होते ना, त्यांच्यावर १०५ लिहिलेलं होतं, ९२५ किलो. म्हणजे साइज सुधारायला गेलो आणि ताकद कमी करून आलो.

हवेचं इथेच सांगून टाकतो. लोड इंडेक्सचे किलो हे टायरला ठरवून दिलेली पूर्ण हवा असली तरच, हवा कमी तर किलो पण कमी. कमर्शियल टायरला मागे जी हवा लागते ती कारवाल्याला ऐकून चक्कर येईल, माझ्या स्टिकरवर मागचा लोडचा आकडा पुढच्याच्या जवळजवळ दीडपट आहे. पण तो आकडा कमर्शियल टायरचा, पॅसेंजर टायरमध्ये तेवढी भरू नका, त्याच्या साइडवॉलवर मॅक्स लिहिलेली असते तिच्या वर जायचंच नाही. आणि हवा सकाळी थंड टायरमध्ये बघायची, घोटीला चहाला थांबल्यावर चेक केली तर चार-सहा पीएसआय जास्त दाखवणारच, ती काढत बसू नका.

आता घासण्याचं आणि आतल्या कडेचं. हे टायरचं नव्हतंच. काकांनी अलॉय उतरवला, शेजारी माझ्याकडे घरी पडलेली कंपनीची लोखंडी डिस्क ठेवली, दोन्ही पालथ्या, म्हणजे चेहरा जमिनीकडे आणि आतली बाजू वर. सुताराची लोखंडी पट्टी दोन्ही कडांवर आडवी ठेवली आणि टेपने पट्टीपासून खाली, जिथे डिस्क हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक नटांनी बसतं त्याला) टेकते तिथपर्यंत मोजलं. कंपनीची ११४ मिलिमीटर. अलॉय ९५. मग पूर्ण रुंदी मोजली, कडेपासून कडेपर्यंत. कंपनीची डिस्क ६ जे, बाहेरून बाहेर १७८. अलॉय ८ जे, २२९. जे च्या आधीचा आकडा इंचात असतो आणि तो टायर बसतो त्या आतल्या मापाचा, म्हणून बाहेरून मोजलं की साधारण एक इंच जास्त येतं, त्यात गोंधळू नका.

आता वजाबाकी करा. कंपनीची १७८ वजा ११४, म्हणजे हबच्या बाहेर ६४ मिलिमीटर. अलॉय २२९ वजा ९५, म्हणजे १३४. माझं चाक कंपनीपेक्षा ७० मिलिमीटर बाहेर आलेलं होतं. चार बोटं आडवी धरून बघा किती होतं ते. लोकांना ते रुबाबदार दिसतं, मला पण दिसायचं.

ऑफसेट काढायचा असेल तर पूर्ण रुंदीचं अर्ध करा आणि पट्टीखालच्या मापातून वजा करा. कंपनीचा ११४ वजा ८९, अधिक २५. अलॉयचा ९५ वजा ११४ आणि काहीतरी, उणे २० च्या जवळ. डिस्कच्या मागे ईटी लिहिलेलं असतं ते हेच, पण स्वस्तातल्या अलॉयवर बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं म्हणून पट्टी लावायची.

चाक बाहेर आलं की काय होतं, तर स्टेअरिंग कापताना टायर ज्या बिंदूभोवती फिरतो त्याच्यापासून तो लांब जातो, मग फिरताना मोठा गोल काढतो आणि त्या गोलाच्या मागच्या टोकाला मडफ्लॅप आणि आतलं प्लास्टिक येतं. म्हणून टायर छोटा करून पण आवाज पूर्ण गेला नाही. आणि चालताना रोड टायरला मागे ढकलत असतो, चाक बाहेर असलं की त्या ढकलण्याला दांडा लांब मिळतो, दोन्ही चाकं पुढून फाकायला बघतात, बुश (रबरी सांधे) आणि टाय रॉडचे (स्टेअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे) एंड थोडे सैल असले की फाकतात पण. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी उभी असते, रिकामी असते, तिथे कोण ढकलतंय? म्हणून कागद हिरवा आणि टायर गोटा. खड्ड्यात स्टेअरिंग ओढलं जाणं, बेअरिंगचा हूं आवाज, सगळं त्याच लांब दांड्याचं. माझं पुढचं डावं बेअरिंग बदलावंच लागलं.

शिवाय ८ इंची डिस्कवर २१५ चा टायर बसवायचाच नसतो, तो साधारण साडेपाच ते सातपर्यंतच्या डिस्कसाठी. माझ्याकडे त्याची साइडवॉल ताणून बाहेर आलेली आणि अलॉयची कड उघडी पडलेली. दुकानात बसवताना मशीनवाल्याला ते नक्की दिसलं असणार.

तुमच्याकडे नक्की काय झालंय ते बघायचं असेल तर असं करा. शाळेतला खडू घ्या, पुढच्या टायरच्या दोन्ही खांद्यांना भरपूर फासा, माल भरलेल्या गाडीने रिकाम्या जागेत पूर्ण डावं-उजवं कापून हळू फिरवा, मग खाली उतरून खडू कुठे लागलाय ते बघा. मडफ्लॅपला किंवा प्लास्टिकच्या मागच्या कोपऱ्याला लागला तर चाक बाहेर आलंय किंवा टायर मोठा आहे. आतल्या बाजूला, चॅसिसला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला लागला तर उलटं, डिस्क जास्त आत आहे. वर लागला तर पाटे किंवा सस्पेन्शन बसलंय, ते वेगळं प्रकरण. मग टायरवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीसारखं बोचलं तर टो (वरून बघितल्यावर चाकांचा आत-बाहेर तिरकेपणा) बिघडलाय. दोन्ही कडा सारख्या झिजल्या आणि मध्ये बटणं शाबूत तर हवा कमी. फक्त मध्ये झिजलंय तर हवा जास्त, रिकामी गाडी लोडच्या हवेवर फिरवणाऱ्यांचं मागे असंच होतं. मग जॅक लावा, खाली ठोकळा ठेवा, चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा, खटखट झाली तर टाय रॉड, वर-खाली धरून हलवल्यावर झाली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. हे सैल असताना अलाइनमेंटला पैसे घालणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी.

मोठाच टायर टाकायचाय असं ज्यांचं ठरलेलंच आहे त्यांनी निदान गणित करून टाका. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५, उंची तिच्या ७५ टक्के म्हणजे १६१, वर-खाली धरून ३२२.५, त्यात १५ इंचाचे ३८१, झाले ७०३.५ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ चे होतात ७३३.५. फरक ३० मिलिमीटर, सव्वाचार टक्के. ग्राउंड क्लिअरन्स मात्र १५ च वाढतो, कारण वरचे १५ मडगार्डकडे जातात आणि तेच घासतात. स्पीडोमीटरचा काटा ८० वर असतो तेव्हा चाकाच्या हिशोबाने ८३ च्या वर, आणि मीटरवर दहा हजार किलोमीटर झाले तर खरे चारशे जास्त झालेले, त्यामुळे अॅव्हरेज कमी झालं म्हणून डिझेल पंपाला शिव्या घालू नका. चढाला दम कमी पडतो तो वेगळाच, इगतपुरीकडे येताना कसाऱ्याला मी एक गिअर खाली चालायचो, आता नाही. तीन टक्क्यांच्या आत राहा असं जुने लोक सांगतात, मला ते पटतं. ७.०० आर १५ असं लिहिलेले टायर वेगळ्या पद्धतीचे, सात इंच रुंदी आणि उंचीचा आकडाच लिहिलेला नसतो, ते २१५ च्या जागी "तेच आहे घ्या" म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका.

माझा भाचा गंगापूर रोडला राहतो, त्याची इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे, २५५/६० आर १८, त्याला २६५/६० आर १८ टाकायचे होते. त्याचं गणित ७६३ आणि ७७५, दीड टक्का, काही हरकत नाही, लोड इंडेक्स कंपनीपेक्षा कमी घेऊ नको एवढंच बोललो. पण तो टोयोटा हायलक्सच्या डिस्क बघून आला, सहाही नट जुळतात म्हणून. नट जुळतात, दोन्ही गाड्यांचा पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या गोलाचा व्यास) ६ गुणिले १३९.७ आहे, पण मधलं भोक हायलक्सचं १०६ च्या आसपास आणि व्ही-क्रॉसचा हब १०० च्या आसपास, चारी बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर मोकळं. मध्ये बरोबर मापाची रिंग टाकली नाही तर ऐंशीला स्टेअरिंग थरथरणार आणि हा बॅलन्सिंग करत फिरणार. आणि स्पेसरचा (हब आणि डिस्कच्या मध्ये टाकून चाक बाहेर काढणारी चकती) तर विषयच नको, म्हणजे मी ७० मिलिमीटर कमी करायला धडपडलो आणि लोकं पैसे देऊन वाढवतात.

आरटीओचं पण बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीतले तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे होतील असा बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. बाहेर आलेली चाकं पासिंगला पहिली नजरेत भरतात. बटणांची खोली कमीत कमी १.६ मिलिमीटर लागते, टायरच्या खाचेत टीडब्ल्यूआयची (झीज दाखवणारी खूण) बारकी उंचवटी असते, बटण तिच्या बरोबरीला आलं की टायर संपला. आणि ही खोली आतल्या कडेला बघा, बाहेरून बघणारा मी होतोच की दोन वर्षं.

माझं शेवटी असं झालं. अलॉय काढले, कंपनीच्या लोखंडी डिस्क, तीन घरच्या आणि दोन जुन्या बाजारातून, त्या फिरवून वाकड्या नाहीत ना ते बघूनच घेतल्या. टायर २१५/७५ आर १५ च, पण एलटी, ८ पीआर, १०६/१०३. टाय रॉडचे दोन एंड, एक बेअरिंग, मग अलाइनमेंट, आणि तीही मागे दोनशे किलो टाकून करून घेतली, मशीनवाला कुरकुरला. टायर घेताना साइडवॉलवरचे चार आकडे पण वाचले, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, कारण आधीचे ते स्वस्तातले चकचकीत टायर मी घेतले तेव्हाच सव्वादोन वर्षं जुने निघाले होते. रिकामी गाडी आता थोडी आपटते, कमर्शियल टायर कडक असतात, त्याला इलाज नाही. बावीस हजार किलोमीटर झाले, आतली आणि बाहेरची कड सारखी आहे, दर महिन्याला हात घालून बघतो, सवयच लागली.

एकच राहिलं होतं. मागच्या महिन्यात घोटीच्या अलीकडे पंक्चर झाली, खालून स्टेपनी काढली, चिखलाचा थर खरवडला तर २३५. आधीच्या मालकाची, कंपनीच्या डिस्कवर बसवलेली. माझे नवे पाच टायर कुठे गेले म्हणाल तर चार चाकांना आणि पाचवा घरी पोत्याखाली, कारण बसवणाऱ्याने स्टेपनीचा बोल्ट गंजलाय म्हणून ती उतरवलीच नव्हती आणि मी पण घाईत होतो. मागच्या अॅक्सलला एक ७०३ आणि एक ७३३ अशी जोडी लावून, डिफरन्शियल सारखं फिरत राहणार म्हणून चाळीसच्या वर न जाता नाशिकपर्यंत आलो. तेवढा बोल्ट डिझेल टाकून आजच सोडवून बघा.